विम्बल्डन बघायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जून संपत आला की लंडनमध्ये राहणाऱ्या मराठी मंडळींना ठरावीक फोन सुरू होतात. मुलाकडे सुट्टीला आलेले आईबाबा, ऑफिसच्या कामाने आठवडाभर आलेला मित्र, पुण्यात टीव्हीसमोर बसलेली भाची, प्रत्येकाला विम्बल्डनच्या टेनिस स्पर्धेबद्दल काहीतरी विचारायचं असतं. तेच प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं लिहिताना एक गोष्ट सारखी जाणवली. या स्पर्धेत जे जे वेगळं आहे, त्याचं कारण शोधत गेलं की आपण बहुतेक वेळा गवतापाशी पोहोचतो. म्हणून सुरुवातही तिथूनच.

टेनिसच्या इतर मोठ्या स्पर्धा गवतावर का होत नाहीत?

पूर्वी होत होत्या. चार ग्रँड स्लॅमपैकी तीन गवतावरच खेळल्या जायच्या. अमेरिकन ओपनने १९७४ नंतर गवत सोडलं, ऑस्ट्रेलियन ओपनने १९८७ नंतर. फ्रेंच ओपन तर लाल मातीवरच असते. उरलं ते विम्बल्डन.

कारण साधं आहे. गवत जिवंत असतं. सिमेंटचं कोर्ट एकदा तयार केलं की वर्षभर त्यावर खेळता येतं. गवताला बी, पाणी, ऊन, कापणी आणि मुख्य म्हणजे विश्रांती लागते. पंधरा दिवसांच्या स्पर्धेसाठी माणसं वर्षभर राबतात. एवढा खर्च आणि एवढा धीर फार थोड्या क्लबांकडे असतो. व्यावसायिक टेनिसचा गवतावरचा हंगाम त्यामुळेच अगदी छोटा. फ्रेंच ओपन संपल्यापासून विम्बल्डन सुरू होईपर्यंत जेमतेम तीन आठवडे मिळतात, आणि तेही २०१५ पासून. त्याआधी दोनच मिळायचे. तेवढ्या दिवसांत हॅले, क्वीन्स क्लब, बर्लिन, नॉटिंगहॅम, ईस्टबोर्न अशा स्पर्धा उरकतात. क्वीन्स क्लबवर महिलांची स्पर्धा १९७३ नंतर थेट २०२५ मध्ये पुन्हा झाली. फार उशिरा झाली, पण झाली याचा आनंद आहे.

विम्बल्डनचं गवत नेमकं कसलं असतं? आपल्या सोसायटीच्या लॉनसारखंच ना?

नाही. दिसायला हिरवं, एवढंच साम्य. हे बारमाही रायग्रास. २००१ पूर्वी त्यात ७० टक्के रायग्रास आणि ३० टक्के फेस्क्यू जातीचं गवत असायचं. २००१ पासून शंभर टक्के रायग्रास पेरतात, कारण ते जास्त चिवट असतं आणि खेळाडूंच्या पायांखाली लवकर झिजत नाही. स्पर्धेच्या काळात त्याची उंची ८ मिलिमीटर ठेवतात आणि रोज कापणी होते.

पण खरी गंमत गवताच्या खालच्या मातीत आहे. चेंडू उसळतो तो मुख्यतः मातीवरून. ती चिकणमातीची असते आणि स्पर्धेच्या सुमाराला क्रिकेटच्या खेळपट्टीसारखी कडक करत आणतात. पाणी जास्त दिलं तर माती मऊ पडते आणि चेंडू बसतो. कमी दिलं तर गवत मरतं. या दोन्हींच्या मधली वाट रोज नव्याने शोधावी लागते. मैदान राखणारे लोक ठरावीक वजन ठरावीक उंचीवरून मातीवर सोडून तिचा कडकपणा मोजतात, गवताचा हिरवेपणा बघतात, आकाशाकडे डोळे लावतात आणि मग पाण्याचं ठरवतात. नील स्टबली हे इथले मैदानप्रमुख. त्यांचं नाव विजेत्यांच्या फलकावर कधी लागणार नाही, पण त्यांच्या पथकाचं काम बिघडलं तर फलकावर लावायला विजेताच उरणार नाही.

स्पर्धा संपली की लगेच वरचा थर खरवडून नवं बी पेरायचं काम सुरू होतं. म्हणजे जुलैच्या मध्याला टीव्हीवर करंडक उंचावला जातो आणि थोड्याच दिवसांत त्याच कोर्टवर पुढच्या वर्षाची तयारी लागते.

गवतावर खेळ वेगळा कसा होतो?

चेंडू खाली राहतो आणि टप्पा पडल्यावर घसरत पुढे येतो. मातीच्या कोर्टवर तो खांद्यापर्यंत चढतो, इथे गुडघ्याशी येतो. खेळाडूला सतत वाकावं लागतं आणि विचार करायला वेळ कमी मिळतो. चांगल्या सर्व्हिसला इथे दुप्पट मोल येतं. चेंडूखालून रॅकेट कापत नेणारा स्लाइसचा फटका इतर कोर्टांवर बचावाचा मानला जातो. गवतावर तोच हल्ला ठरतो, कारण टप्प्यानंतर चेंडू उठतच नाही.

जुने लोक म्हणतात, पूर्वी प्रत्येक जण सर्व्हिस करून जाळीकडे धावायचा, आता सगळे बेसलाइनवरूनच, म्हणजे कोर्टच्या मागच्या रेषेवरूनच खेळतात. यात तथ्य आहे. २००१ नंतर माती कडक आणि टप्पा थोडा उंच झाला. २००२ च्या पुरुषांच्या अंतिम सामन्यात हेविट आणि नालबंडियन दोघेही बेसलाइनवर पाय रोवून खेळले, तेव्हा बदल सगळ्यांनाच दिसला. रॅकेट, तारा आणि खेळाडूंचं प्रशिक्षणही त्याला कारणीभूत आहे. सगळा दोष गवतावर टाकू नये.

हे प्रत्यक्ष बघायचं असेल तर दुसऱ्या आठवड्यात एखाद्या बाहेरच्या कोर्टशेजारी उभे राहा. बेसलाइनच्या मागे तपकिरी पट्टा पडलेला असतो. गवत तिथे जवळपास संपलेलं असतं, माती उघडी असते आणि पावलं वळवल्याच्या चंद्रकोरी उमटलेल्या असतात. दोनच पावलं पुढे, सर्व्हिसच्या चौकोनात, गवत अजून दाट असतं. जाळीजवळ तर जवळजवळ कोरं. १९७०-८० च्या दशकातल्या फोटोंत बेसलाइनपासून जाळीपर्यंत झिजलेली वाट दिसायची. आता ती वाट नाही, बेसलाइनला समांतर पट्टा आहे. खेळ कसा बदलला, हे त्या दोन फोटोंत कळतं.

पहिल्या दोन दिवसांत खेळाडू इतके घसरतात का?

पहिल्या दिवशी गवत कोवळं आणि रसरशीत असतं, त्यामुळे निसरडंही. जसजसं ते झिजतं आणि सुकतं, तसा पाय पकड घेतो. गवतासाठी बूटही वेगळे असतात, तळव्यावर छोट्या छोट्या गाठी असलेले. गाठी किती मोठ्या चालतील यावरही नियम आहे, कारण मोठ्या गाठी गवत उखडतात.

स्पर्धा कधी असते?

जूनच्या शेवटच्या किंवा जुलैच्या पहिल्या सोमवारी सुरू होते आणि चौदा दिवस चालते. २०२५ मध्ये ३० जून ते १३ जुलै होती. पूर्वी मधल्या रविवारी सुट्टी असायची, गवताला तेवढाच विसावा. २०२२ पासून त्या रविवारीही नियमित खेळ होतो.

तिकीट कसं मिळतं?

तीन वाटा आहेत.

पहिली वाट सोडतीची. आदल्या वर्षी शरद ऋतूत स्पर्धा भरवणाऱ्या ऑल इंग्लंड क्लबच्या संकेतस्थळावर नाव नोंदवायचं. म्हाडाच्या सोडतीत जसं घर कुठे लागेल ते आपल्या हातात नसतं, तसं इथे दिवस आणि कोर्ट आपल्या हातात नसतं. लागलं तर घ्यायचं किंवा सोडायचं. ही पद्धत १९२४ पासून आहे. भारतात राहूनही नाव देता येतं. जायचा विचार असेल तर नाव द्याच, त्यात काही जात नाही. सोडतीचं तिकीट दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही, विकताही येत नाही. इंटरनेटवर कोणी ‘सोडतीचं जास्तीचं तिकीट आहे’ म्हणत असेल तर पैसे देऊ नका. दारातून परत पाठवतील.

दुसरी वाट श्रीमंतांची. क्लब पाच वर्षांसाठी रोखे विकतो, त्यांना डिबेंचर म्हणतात. त्यावर पाचही वर्षं रोज एक जागा मिळते. २०२६ ते २०३० साठी सेंटर कोर्टच्या, म्हणजे सर्वांत मुख्य कोर्टच्या, एका डिबेंचरची किंमत १,१६,००० पौंड होती. कायदेशीरपणे पुढे विकता येतात ती फक्त हीच तिकिटं. छत आणि नव्या कोर्टांचा बराच पैसा या रोख्यांतून उभा राहिला, तेव्हा त्यांच्या नावाने बोटं मोडण्यात अर्थ नाही.

तिसरी वाट रांगेची. तिच्यासाठी वेगळा प्रश्न हवा.

रांगेबद्दल सविस्तर सांगा.

मनापासून सांगतो, आयुष्यात एकदा तरी विम्बल्डनची रांग अनुभवावी. जगातल्या इतक्या मोठ्या फार थोड्या स्पर्धांत सकाळी उठून, रांगेत उभं राहून, त्याच दिवशी मुख्य कोर्टचं चांगलं तिकीट मूळ किमतीला मिळतं.

लंडनच्या भुयारी रेल्वेच्या डिस्ट्रिक्ट लाइनवरच्या साउथफील्ड्स स्टेशनला उतरायचं. नाव विम्बल्डन असलं तरी विम्बल्डन स्टेशन जास्त लांब पडतं. तिथून चालत विम्बल्डन पार्कात जायचं. आत शिरताच स्वयंसेवक रांगेचा क्रमांक देतात. तो क्रमांक म्हणजेच तुमची जागा. मित्रासाठी जागा धरून ठेवणं, पिशवी ठेवून निघून जाणं चालत नाही. पाय मोकळे करायला किंवा खायला थोडा वेळ बाहेर जाता येतं.

सेंटर कोर्ट, क्रमांक १ आणि क्रमांक २ या तिन्ही कोर्टांची रोज साधारण पाचशे-पाचशे तिकिटं रांगेतल्या लोकांसाठी राखून ठेवतात. शेवटचे चार दिवस सेंटर कोर्टची तिकिटं मात्र रांगेत मिळत नाहीत. या पाचशेंत यायचं असेल तर आदल्या दिवशीच तंबू टाकावा लागतो. तंबू दोन माणसांचाच असावा. पहाटे स्वयंसेवक तंबूंवर टकटक करत उठवतात, सामान जमा करायला लावतात आणि सगळे दाटीवाटीने उभे राहतात. बाकीच्यांना प्रवेशाचं साधं तिकीट मिळतं. मोठी कोर्टं सोडून बाकीच्या कोर्टांवर त्याने कुठेही बसता येतं. एरवीच्या दिवशी पहाटे पोहोचलात तर ते मिळण्याची शक्यता चांगली असते.

रांगेत भांडणं होत नाहीत. कोणी घुसत नाही. मुंबईची लोकल पकडून मोठे झालेल्या माणसाला पहिल्यांदा हे खरंच वाटत नाही. शेजारच्या तंबूतले अनोळखी लोक पत्ते खेळायला बोलावतात आणि पाऊस आला की छत्री धरतात.

आईबाबांना घेऊन जायचंय. रांग झेपेल का?

रात्रीची रांग झेपणार नाही, तसा हट्टही करू नका. दोन गोष्टी करता येतात. अपंग किंवा जास्त वेळ उभं राहू न शकणाऱ्यांसाठी वेगळी सोय आहे, तिची चौकशी आधी करा. दुसरं म्हणजे संध्याकाळी पाचनंतर प्रवेशाचं तिकीट स्वस्तात मिळतं आणि दिवसभर बसलेले लोक तोपर्यंत परतू लागलेले असतात. इथल्या उन्हाळ्यात रात्री नऊपर्यंत उजेड असतो. म्हणजे तीन-चार तासांचं टेनिस आरामात होतं.

आत गेल्यावर आणखी एक सोय आहे. मुख्य कोर्टांवरचे प्रेक्षक लवकर निघाले की त्यांची तिकिटं आतल्या आत अगदी थोड्या पैशांत पुन्हा विकली जातात आणि ती रक्कम धर्मादाय कामाला जाते. कित्येकांनी सेंटर कोर्ट पहिल्यांदा बघितलं ते याच वाटेने.

घरचं खायला नेता येतं का?

हो, आणि अवश्य न्या. मऊ कापडी पिशवी न्या, ४० × ३० × ३० सेंटिमीटरपेक्षा मोठी नको. कडक पेटीसारखे कूलर किंवा टोपल्या आत सोडत नाहीत. पोळीचे रोल, दशम्या, लाडू, काहीही चालतं. उतारावर बसून मोठ्या पडद्यावर सामना बघत दशमी-चटणी खाणारी मराठी कुटुंबं तिथे हमखास भेटतात. त्या उताराला लोक ‘हेनमन हिल’ म्हणतात.

स्ट्रॉबेरी आणि क्रीम मात्र तिथलंच घ्या. फळं केंट परगण्यातून येतात. २०१० पासून किंमत अडीच पौंडांवर रोखून धरली होती, २०२५ मध्ये ती २.७० पौंड झाली. लंडनच्या भावांत हे स्वस्तच म्हणायचं.

खेळाडूंना पांढरेच कपडे का?

जुन्या काळी घामाचे डाग दिसणं अशोभनीय समजलं जायचं आणि पांढऱ्यावर ते कमी दिसतात, असं यामागचं कारण सांगितलं जातं. नियम आजही कडक आहे. कोर्टवर पाऊल ठेवल्यापासून सगळं पांढरं. क्रीम रंग नाही, मोतिया नाही. रंगीत किनार असलीच तर एक सेंटिमीटरपेक्षा रुंद नको.

२०२३ मध्ये एक योग्य बदल झाला. पाळीच्या दिवसांत पांढऱ्या कपड्यांचं दडपण येतं, हे महिला खेळाडू कधीपासून सांगत होत्या. आता त्यांना स्कर्टच्या आत गडद रंगाची चड्डी घालता येते. इतकी साधी गोष्ट मान्य व्हायला शंभराहून जास्त वर्षं लागली. परंपरा टिकवायची तर ती कोणाच्या अंगावर किती जड पडते, हेही बघायला हवं.

प्रेक्षकांना पांढऱ्याचं बंधन नाही.

महिला तीन सेट खेळतात आणि पुरुष पाच. मग बक्षीस सारखं कसं?

दरवर्षी हा प्रश्न येतो. २००७ पासून दोघांना समान रक्कम मिळते. त्यासाठी व्हीनस विल्यम्सने उघडपणे आवाज उठवला होता आणि योगायोग असा की समान बक्षिसाच्या पहिल्याच वर्षी महिलांचं विजेतेपद तिनेच मिळवलं. २०२५ मध्ये एकेरीच्या दोन्ही विजेत्यांना प्रत्येकी ३० लाख पौंड मिळाले. पहिल्याच फेरीत हरणाऱ्यालाही ६६,००० पौंड होते.

पैसे तासांवर मोजायचे असते, तर सरळ सेटमध्ये जिंकणाऱ्या पुरुषाचे पैसे कापावे लागले असते. प्रेक्षक पूर्ण स्पर्धेसाठी येतो. १८८४ मध्ये मॉड वॉटसनने पहिलं महिला विजेतेपद मिळवलं, तेव्हापासून दोन्ही गट एकाच हिरवळीवर खेळत आले आहेत. इथे सर्वाधिक एकेरी विजेतेपदंही एका महिलेचीच आहेत. मार्टिना नवरातिलोवाची ९. पुरुषांत फेडररची ८.

निर्णायक सेट संपतच नाही, असं अजूनही होतं का?

आता नाही. २०२२ पासून निर्णायक सेटमध्ये ६-६ झाले की दहा गुणांचा टायब्रेकर, म्हणजे सेटचा निकाल लावणारा छोटा डाव होतो. पूर्वी दोन गेमची आघाडी मिळेपर्यंत सेट चालूच राहायचा. तो नियम आठवतो तो २०१० च्या इस्नर-माहू सामन्यामुळे. क्रमांक १८ च्या कोर्टवर तो तीन दिवस चालला. एकूण ११ तास ५ मिनिटं, आणि पाचवा सेट ७०-६८. त्या कोर्टबाहेर त्याची पाटी आहे, बघून या.

व्यावसायिक खेळाडू इथे पहिल्यापासून खेळतात का?

नाही, उलट व्यावसायिकांना इथे मज्जाव होता. पैसे घेऊन खेळणारा तो कमी दर्जाचा, असा तेव्हाचा समज. रॉड लेव्हरने १९६१ आणि १९६२ मध्ये विजेतेपद मिळवलं, मग तो व्यावसायिक झाला आणि पाच वर्षं त्याला दार बंद राहिलं. त्या वेळी हौशी म्हणवणाऱ्या खेळाडूंना चोरून पैसे दिले जायचे आणि हे सगळ्यांना माहीत होतं. शेवटी क्लबनेच पुढाकार घेतला. ऑगस्ट १९६७ मध्ये सेंटर कोर्टवर आठ व्यावसायिकांची स्पर्धा भरवली, ती लोकांनी उचलून धरली आणि १९६८ पासून दार सगळ्यांना खुलं झालं. त्या पहिल्या खुल्या स्पर्धेत लेव्हर आणि बिली जीन किंग जिंकले. लेव्हरला २,००० पौंड मिळाले, किंगला ७५०.

मुख्य फेरीत जागा कशी मिळते?

एकेरीत १२८ पुरुष आणि १२८ महिला. बहुतेक जण जागतिक क्रमवारीवरून येतात. सोळा जण पात्रता फेरीतून, आणि काही जागा क्लब आपल्या मर्जीने वाइल्ड कार्ड म्हणून देतो. पात्रता फेरी आदल्या आठवड्यात जवळच्याच रोहॅम्प्टनला होते. तिथे तीन सामने सलग जिंकावे लागतात. गर्दी कमी, खेळाडू हाताच्या अंतरावर, आणि प्रत्येक गुणासाठी जीव तोडून खेळणारी माणसं. टेनिसवर खरं प्रेम असलेल्याने तिकडे जावंच.

वाइल्ड कार्डला कमी समजू नये. २००१ मध्ये जागतिक क्रमवारीत १२५ वा असलेला गोरान इव्हानिसेविच वाइल्ड कार्डवर आला आणि करंडक घेऊन गेला. २०२३ मध्ये मार्केटा वोन्द्रुसोव्हा ही इथे जिंकणारी पहिली बिनमानांकित, म्हणजे स्पर्धेने वरच्या खेळाडूंत न धरलेली, महिला ठरली.

भारतीयांनी इथे काय केलंय? मराठी नाव आहे का कोणाचं?

हा माझा सर्वांत आवडता प्रश्न.

१९३४ साली मुंबईच्या लीला राव यांनी महिला एकेरीत पहिल्या फेरीचा सामना जिंकला. विम्बल्डनवर भारतीय महिलेने जिंकलेला हा पहिला सामना. त्यांच्या आई म्हणजे पंडिता क्षमा राव. तुकाराम, रामदास आणि ज्ञानेश्वरांची चरित्रं संस्कृत काव्यात लिहिणाऱ्या, वेदाभ्यासक शंकर पांडुरंग पंडितांच्या कन्या. क्षमाबाई स्वतःही उत्तम टेनिस खेळायच्या. आई संस्कृत श्लोक रचते आणि लेक विम्बल्डनच्या हिरवळीवर सर्व्हिस करते, असं घर नव्वद वर्षांपूर्वी मुंबईत होतं. शाळेच्या पुस्तकांत हे का नाही, याचं मला वाईट वाटतं.

पुरुषांत गौस मोहम्मद १९३९ मध्ये उपांत्यपूर्व फेरीत पोहोचले. रामनाथन कृष्णन यांनी १९५४ मध्ये कुमार गटाचं विजेतेपद मिळवलं आणि १९६० व १९६१ अशी सलग दोन वर्षं उपांत्य फेरी गाठली. एकदा नील फ्रेझरने हरवलं, एकदा लेव्हरने, आणि दोघेही त्या त्या वर्षी विजेते झाले. एकेरीत भारताची झेप आजही तिथेच थांबली आहे. विजय अमृतराज १९७३ आणि १९८१ मध्ये, तर रमेश कृष्णन १९८६ मध्ये शेवटच्या आठांत होते. रमेश यांनी १९७९ मध्ये आणि लिअँडर पेसने १९९० मध्ये कुमार गट जिंकला. गवतावर भारतीय चांगले खेळायचे त्याला कारण होतं. हलका हात, अचूक जागा, चेंडू लवकर घेणं. ताकद कमी असली तरी गवत अशा खेळाला साथ द्यायचं.

दुहेरीत मात्र आपण जिंकलो. १९९९ मध्ये पेस आणि महेश भूपती यांनी पुरुष दुहेरी जिंकली. आणि २०१५ चा शेवटचा शनिवार-रविवार विसरताच येत नाही. सानिया मिर्झा आणि मार्टिना हिंगिस अंतिम सामन्यात तिसऱ्या सेटमध्ये २-५ अशा मागे होत्या. ५-५ झाले तेव्हा अंधारून आलं होतं, म्हणून छत ओढलं आणि दिव्यांच्या उजेडात त्यांनी ७-५ ने सेट घेतला. दुसऱ्या दिवशी त्याच हिंगिसबरोबर पेसने मिश्र दुहेरी ६-१, ६-१ अशी जिंकली, आणि सुमित नागलने व्हिएतनामच्या जोडीदारासह कुमार दुहेरी. दोन दिवसांत तीन करंडक.

आणि प्रेक्षकांतलं मराठी नाव म्हणाल तर सचिन तेंडुलकर. तो इथे अनेकदा आला आहे. २०२४ मध्ये खास पाहुण्यांच्या रॉयल बॉक्समध्ये त्याचं नाव पुकारलं तेव्हा सेंटर कोर्टने टाळ्यांचा कडकडाट केला.

भारतात गवताची कोर्टं आहेत का?

आहेत, पण थोडी. कोलकात्याच्या साउथ क्लबवर २०१९ मध्ये इटलीविरुद्ध आणि दिल्ली जिमखान्यावर २०२२ मध्ये डेन्मार्कविरुद्ध डेव्हिस कप या देशादेशांमधल्या स्पर्धेच्या लढती गवतावर झाल्या. महाराष्ट्रात वाढणारी मुलं बहुतेक माती आणि सिमेंटवर शिकतात. पुण्याच्या बालेवाडीत पुरुषांची आंतरराष्ट्रीय स्पर्धा व्हायची, तीही सिमेंटवरच. आपल्या मुलांना विम्बल्डनच्या आधी गवत पायाखाली कधी येतच नाही, ही मोठी अडचण आहे.

रेषेवरचे पंच कुठे गेले?

२०२५ पासून ते नाहीत. आता कॅमेरे चेंडू बघतात आणि ‘आउट’ असा आवाज यंत्रच देतं. पहिल्याच वर्षी पाव्हल्युचेन्कोव्हा विरुद्ध कार्टल सामन्यात घोळ झाला. चेंडू स्पष्ट बाहेर पडला तरी यंत्र गप्प, कारण कोर्टच्या त्या भागातली यंत्रणा चुकून बंद केली गेली होती. तो गुण पुन्हा खेळवला गेला. यंत्राचं निदान बरोबर असतं हे मान्य, पण रेषेशी वाकून डोळे रोखून उभी असलेली ती माणसं खेळाचा भाग होती. मला त्यांची उणीव जाणवते.

पाऊस आला तर?

गवत ओलं झालं की खेळ तत्काळ थांबतो, कारण पाय घसरून गुडघा जायला क्षण पुरतो. थेंब पडताच मुलं ताडपत्री ओढत धावतात, ते बघण्यासारखं असतं. सेंटर कोर्टवर २००९ पासून आणि क्रमांक १ वर २०१९ पासून सरकतं छत आहे. छत मिटायला दहाएक मिनिटं लागतात, पण खेळ लगेच सुरू होत नाही. आतली हवा कोरडी करावी लागते, नाहीतर गवतावर दव धरतं. छताखाली दिवे लावून रात्री अकरापर्यंतच खेळता येतं, शेजारपाजारच्या रहिवाशांसाठी तशी अट आहे.

पहिल्यांदाच जातोय. कोणत्या कोर्टचं तिकीट घ्यावं?

पहिल्या आठवड्यात जात असाल तर साधं प्रवेशाचं तिकीटच घ्या, असं माझं स्पष्ट मत आहे. सेंटर कोर्टचा रुबाब वेगळाच, तिथे पंधरा हजार लोक एकदम श्वास रोखतात. पण छोट्या कोर्टांवर चार रांगांच्या बाकावर बसलं की चेंडूचा गवतावर घसटल्याचा आवाज ऐकू येतो, खेळाडू स्वतःशी काय पुटपुटतो ते कळतं. दुहेरीचे सामने तर तिथेच बघावेत.

भारतात टीव्हीवर किती वाजता?

बाहेरच्या कोर्टांवर दुपारी ३.३०, क्रमांक १ वर ५.३० आणि सेंटर कोर्टवर संध्याकाळी ६ ला खेळ सुरू होतो. २०२५ पासून एकेरीचे अंतिम सामने तिथल्या दुपारी चारला, म्हणजे आपल्या रात्री ८.३० ला असतात. पुरुषांचा अंतिम सामना पाच सेटपर्यंत गेला तर मध्यरात्र उलटेल, सोमवारच्या शाळेचा विचार आधीच करून ठेवा. महिलांचा कधी लवकरही आटोपतो. २०२५ मध्ये इगा श्वियॉन्तेकने अमांडा अनिसिमोव्हाला ६-०, ६-० असं ५७ मिनिटांत हरवलं. विम्बल्डनच्या अंतिम सामन्यात असा निकाल त्याआधी १९११ मध्ये लागला होता.

पावसाने खेळच झाला नाही तर पैसे परत मिळतात का?

तुमच्या तिकिटाच्या कोर्टवर तासाभरापेक्षा कमी खेळ झाला तर मिळतात. अटी तिकिटाबरोबर येतात, त्या नीट वाचून ठेवा. छताच्या दोन कोर्टांवर अशी वेळ सहसा येत नाही. साधं तिकीट असेल तर छत्री आणि पावसाळी जाकीट घेतल्याशिवाय घरातून निघू नका, सकाळी ऊन कितीही कडक असो.